पांढऱ्या मुठीचं झाकण

मी एक जुना, लाकडी फिल्म-होल्डर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलं नसेल. तीन पायांवर उभा राहणारा मोठा कॅमेरा असतो ना, त्यात रीळ नसतं. एका वेळी एकच फिल्म, वहीच्या पानाएवढी. ती अंधारात माझ्या पोटात ठेवतात, वरून झाकण सरकवतात आणि मला कॅमेऱ्याच्या पाठीत बसवतात. उजेडाला आत येऊ न देणं, एवढंच माझं काम. झाकण ओढून काढलं की क्षणभर जग आत येतं, तेही खाली डोकं वर पाय. झाकण परत बसलं की पुन्हा काळोख.

माझ्या झाकणाला एक मूठ आहे. ती एका अंगाने पांढरी आणि दुसऱ्या अंगाने काळी आहे. पांढरी बाजू बाहेर असली तर आतली फिल्म कोरी. फोटो काढून झाला की झाकण पालटून घालायचं, म्हणजे काळी बाजू बाहेर येते. मला तोंड नाही. मला जे सांगायचं ते ही मूठच सांगते, आणि ती तुम्ही लावाल तसंच बोलते.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. सुताराने माझ्या कडा इतक्या हलक्या हाताने घासल्या की झाकण लोण्यातून सुरी जावी तसं सरकत असे. तोंडाशी काळी मखमल चिकटवली, फटीतून उजेडाचा कणही शिरू नये म्हणून. मला दोन बाजू होत्या, दोन फिल्मसाठी, पण पुढे एकदा मी पडलो आणि एक तडकली. तेव्हापासून मी एकाच फिल्मचा धनी.

माझे मालक म्हणजे बाबा. त्यांच्या मुलीचे बाबा, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणतो. शिंप्याच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की त्यांचा स्टुडिओ. ओळखपत्राच्या फोटोंवर घर चालायचं. मोठा कॅमेरा मात्र त्यांचा जीव की प्राण. अडचण फिल्मची होती. मोठी फिल्म एवढी महाग की फोटो काढताना हात आखडावा. बाबांनी स्वस्तातले सगळे मार्ग धुंडाळले. मुदत संपलेली फिल्म आणली, तर चेहऱ्यांवर धुकं आलं. छापखान्यातली आणली, तर माणसं नुसती काळी आणि पांढरी, मधलं काहीच नाही. शेवटी औषधवाल्याकडे एक्स-रेच्या फिल्मचे खोके पडून होते, ते त्यांनी उचलले आणि लाल दिव्यात बसून त्या मापाने कापल्या.

ती फिल्म मला फार आवडायची, जरी नखरेल होती तरी. तिच्या दोन्ही अंगांना लेप असतो, त्यामुळे नखाचा स्पर्श झाला तरी ओरखडा उठतो. लाल रंग तिला दिसतच नाही. म्हणून तर लाल दिव्यात तिला हाताळता येतं, आणि म्हणूनच तिच्यावर ओठ काळसर उमटतात. संध्याकाळचा उजेड तांबूस. आपल्या डोळ्यांना तो पुरेसा वाटतो, तिला मात्र तो अर्धाही पोचत नाही. अशा वेळी लेन्स जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. बाबा हे सगळं चुकत चुकत शिकले. गिऱ्हाइकं विचारायची, "दवाखान्याची फिल्म? मग आमची हाडं दिसणार का?" बाबा म्हणायचे, "हसलात तर दात दिसतील, तेवढं पुरे."

असे शेकडो चेहरे माझ्या पोटातून गेले. बाबांचा एकही नाही. ओळखपत्रावर होता तेवढाच, तोही तरुणपणीचा, शिक्क्याखाली अर्धा झाकलेला. मुलीच्या आई, म्हणजे माझ्याही आईच, त्यांच्या मागे लागायच्या. एका संध्याकाळी त्यांनी हट्टच धरला. बाबांनी काळा पडदा लावला, खुर्चीत केरसुणी उभी केली आणि तिच्यावर नजर धरून कॅमेरा जुळवला. मग केरसुणी काढून स्वतः बसले. आई म्हणाल्या, "केरसुणीचाच काढू का? ती निदान गप्प बसते."

बाबांनी सांगितलं, झाकण ओढ, लेन्सची टोपी काढ, वीस मोज, टोपी लाव, झाकण घाल. आईंनी टोपी काढली. मित्रांनो, उजेड आत आला आणि मला बाबा दिसले, उलटे, पडद्याच्या काळोखातून लोंबकळल्यासारखे. इतकी वर्षं त्यांचे फक्त हात माहीत होते. आई मोजता मोजता त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि आकडा विसरल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या. बाबांचे ओठ हलले. मग टोपी बसली आणि झाकण आत आलं.

आलं, पण न पालटता. पांढरी बाजू बाहेर.

तेवढ्यात जिन्यावर गिऱ्हाईक आलं. बाबा खोकत उठले आणि त्यांनी मला न बघताच कपाटात ठेवलं. सवडीने सगळ्या फिल्म एकदम धुवायच्या, अशी त्यांची पद्धत होती. ती सवड आली नाही. त्याच आठवड्यात खोकला वाढला, आणि दवाखान्यात गेलेले बाबा परत आले नाहीत.

त्यांच्या छातीचा एक्स-रे मात्र आला. मोठ्या पाकिटातून तो माझ्याच कप्प्यात ठेवला गेला. माझ्या पोटातली फिल्म आणि ती एक्स-रेची, एकाच जातीच्या. घरात बाबांच्या फासळ्यांचा फोटो होता. चेहरा माझ्यापाशी होता, आणि मी सांगू शकत नव्हतो.

मुलीने काळ्या मुठीचे सगळे होल्डर धुऊन काढले. शिंप्याचं कुटुंब निघालं, कुणाची जुळी नातवंडं निघाली, खिडकीतलं मांजर निघालं. बाबा निघाले नाहीत. तिने आईंना विचारलं, फोटो काढल्यावर झाकण परत घातलं होतंस ना? आई म्हणाल्या, घातलं होतं. मग म्हणाल्या, "टोपीच काढली नसेन मी. माझंच चुकलं असणार."

ते कपाटाच्या दारातून मला ऐकू आलं. टोपी तुम्हीच काढली होती आई, मी साक्षीदार आहे. पण बंद होल्डरची साक्ष कोण काढणार? उन्हाळा आला, लाकूड तापलं. पावसाळा आला, मखमल ओलसर झाली. मी कडा घट्ट आवळून बसलो. कुठून फट पडली तर बाबा जातील, एवढीच धास्ती. माझा तुरुंग मीच होतो, आणि त्याचा पहारेकरीही मीच.

मग मुलीने मोठा कॅमेरा पुन्हा उभा केला. एकाचा राहून गेला, निदान आईचा तरी फोटो काढायचा असं तिने ठरवलं. आई नाही नाही म्हणत तयार झाल्या. मुलीने कपाट उघडलं आणि पांढरी मूठ बघून मलाच उचललं. कोरी फिल्म, पण जुनी. खराब तर झाली नसेल? लाल दिव्यात तिने मला उघडलं, फिल्मच्या टोकाची दोन बोटं पट्टी कापली आणि औषधात धुतली. पट्टी स्वच्छ, काचेसारखी पारदर्शक निघाली. "फिल्म छान आहे, कोरी आहे," ती म्हणाली आणि उरलेली माझ्या पोटात परत ठेवली.

मित्रांनो, मी काय सांगू? ते टोक बाबांच्या डोक्यावरचं होतं. तिथे काळा पडदा होता. काळ्या वस्तूकडून उजेड येत नाही, आणि उजेड पोचला नाही तिथे फिल्म कोरीच राहते.

आई खुर्चीत बसल्या. मुलीने मला कॅमेऱ्यात सरकवलं. आता झाकण निघणार, टोपी निघणार, आणि बाबांच्या चेहऱ्यावर आईंचा चेहरा पडून दोन्ही पुसले जाणार. तिने मूठ धरली. माझ्या हातात एकच गोष्ट होती. पावसाने फुगलेलं झाकण मी जरा धरून ठेवलं. ते अडलं.

"अडतंय," मुलगी पुटपुटली.

"माझ्या वेळी नव्हतं अडलं," आई म्हणाल्या. "तडकलेला होल्डर आहे ना तो? तोच होता माझ्या हातात. आणि अगं, मागे काळा पडदा नाही लावलास? त्यांनी लावला होता."

मुलीचा हात मुठीवर तसाच राहिला. "आई, तू झाकण परत घातलंस, तेव्हा पालटलं होतंस?"

"पालटायचं कशाला? पांढरी बाजू स्वच्छ दिसत होती. तीच वर ठेवली."

 कापलेली पट्टी मुलीने दिव्यासमोर धरली, मग पडद्याच्या रिकाम्या दांडीकडे पाहिलं. झाकण न काढता तिने मला अगदी हळू, दोन्ही हातांनी कॅमेऱ्यातून बाहेर घेतलं.

त्या दुपारी लाल दिव्याच्या खोलीत आई पहिल्यांदाच आल्या. ट्रेमधल्या औषधात फिल्म हळूहळू काळवंडू लागली. "हे काय, चेहरा काळा आणि कोट पांढरा," आई घाबरून म्हणाल्या. मुलीने समजावलं, कागदावर सगळं सरळ होईल. आणि झालं. खुर्चीतले बाबा, डोक्यावर पडदा दोन बोटं कमी, बाकी सगळे जसेच्या तसे. आई मोजताना विसरल्या होत्या तेच कामी आलं. तांबूस उजेडात वीस आकडे पुरलेच नसते. फक्त ओठ नेहमीसारखे काळसर, आणि हलल्यामुळे पुसट आले होते.

आईंनी त्या पुसट जागेवर बोट ठेवलं. "पुरे, पुरे म्हणत होते. गप्प बसा म्हटलं तर ऐकतील तर शपथ." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारख्या मुक्या वस्तू असतील. त्यांच्यावर खूण करताना घाई करू नका. आणि एखाद्या कोपऱ्यात काही दिसलं नाही, म्हणून आत काहीच नाही असं ठरवून टाकू नका. जो नेहमी कॅमेऱ्यामागे उभा असतो त्याला वेळेवर खुर्चीत बसवा. थोडं बोलला, हलला तरी चालेल.

माझ्या कडा मुलीने मेणाने घासल्या, नवी मखमल लावली. माझ्या पोटात नवी फिल्म आली, आणि आई काळ्या पडद्यासमोर बसल्या. या वेळी मुलीने मोजलं. टोपी बसल्यावर आई खुर्चीतून उठल्या, मुलीच्या हातातून झाकण घेतलं, खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजू नीट पाहिल्या, आणि काळी मूठ बाहेर ठेवून ते स्वतः आत सरकवलं.