नुसता हात

थोरली आणि तिचा दीर एकमेकांना पाण्यात पाहत, आणि तरी दिवसभर एकाच शेडमध्ये, एकाच भट्टीच्या धगीत राबत. धंदा गाड्यांची खरचटलेली चाकं नव्यासारखी करून देण्याचा. दिराने जुना रंग आणि लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, काढायचं, थोरलीने धातू घासून चकचकीत करायचा, मग पुन्हा दिराने लॅकर मारून चाक भट्टीत लावायचं. ही वाटणी तिच्या नवऱ्याने घालून दिली होती. तो गेल्या वर्षी गेला, वाटणी तेवढी मागे राहिली.

नवऱ्याचा एकच दंडक होता. घासलेल्या धातूला नुसता हात लावायचा नाही. हाताचा घाम लॅकरखाली अडकतो आणि काही महिन्यांनी पांढरा होऊन दिसायला लागतो. बफिंगच्या, म्हणजे घासायच्या, मशीनच्या पट्ट्याने त्याची तर्जनी अर्धी नेली होती. उरलेलं अर्धं बोट नाचवत तो थोरलीला हातमोज्यांवरून इतकं फैलावर घ्यायचा, की पुढे पुढे तिला भाकरी मोडतानाही हातात मोजे नाहीत याची धास्ती वाटायची. आजारी पडल्यावरही शेडमध्ये येऊन स्टुलावर बसायचा. डॉक्टरांनी काम बंद केलं होतं. मी नुसतं बघतो, म्हणायचा.

त्या सकाळी ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर एक चाक घेऊन आले. त्यांचे विद्यार्थी फुटपाथ दिसला की चाक घासल्याशिवाय पुढे जात नसत, त्यामुळे मास्तर इथे घरच्यासारखे. पण आज त्यांचा पारा चढलेला होता. गेल्या वर्षी इथूनच करून नेलेल्या चाकावर चिखलाआडून पांढुरके डाग दिसत होते, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना ते नीट करून हवं होतं.

दिराला आयतंच सापडलं. तो तडक घरात जाऊन आईला घेऊन आला. शेड सासूबाईंच्या नावावर; नवऱ्याची किल्ली थोरलीकडे होती ती त्यांच्याच मर्जीने. दिराने मास्तरांदेखत सगळं ओकून टाकलं. दादा तेव्हा आजारी होता, चाक वहिनींनी घासलं, आणि वहिनी मोजे घालत नाहीत हे तो कधीपासून सांगतोय.

"दादाचा हात कधी चुकला नाही," तो म्हणाला. "आता त्याच्या नावाला बट्टा लागतोय."

सासूबाईंनी फार वेळ घेतला नाही. डाग तिच्या हाताचे निघाले तर किल्ली ठेवायची आणि उद्यापासून घरी बसायचं. घरी बसायचं म्हणजे सासूबाईंसमोर बसायचं, त्यापेक्षा थोरली भट्टीत बसली असती.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिने मोजे घातले होते, ती शपथेवर सांगू शकत होती. म्हणजे हा हात दिराचाच, आणि मुद्दाम लावलेला, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"धुऊन बघू," ती म्हणाली. "कोणाचा हात आहे ते दिसेलच."

तिने चाक नळाखाली धरलं आणि ब्रशने चिखल काढला. मधल्या रुंद पट्टीवर एक आख्खा पंजा उमटला होता. तळवा, अंगठा, तीन लांब बोटं. तर्जनी मात्र अर्ध्यावरच संपलेली.

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"माझ्या लेकाचा हात आहे," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला धरून घरात निघून गेल्या. किल्लीचं नाव कोणी काढलं नाही. मास्तरांनाही अचानक फोन करायची आठवण झाली.

थोरलीला बरं वाटायला हवं होतं. आला तो राग, आणि तोही मेलेल्या माणसाचा. आयुष्यभर तिच्यावर डाफरला, आणि तिची पाठ वळताच साखरेच्या डब्यात हात घालणाऱ्या पोरासारखा स्वतःच हात फिरवून बसला. वर गप्प राहिला. जाईपर्यंत गप्प.

दीर रिमूव्हरचा डबा घेऊन चाकापाशी उभाच राहिला.

"वहिनी, एवढं तुम्ही काढा."

"लॅकर काढायचं काम तुमचं."

"दादाचा हात आहे तो."

"तुम्हाला कोणाचा तरी हात दाखवायचा होता ना, भाऊजी? दाखवून झाला. आता पुसा."

तो खाली बसला आणि ब्रश फिरवू लागला. लॅकर सुरकुतलं, सुटलं, फडक्याला चिकटून आलं. थोरली हाताची घडी घालून बघत राहिली. त्याचे डोळे वाहत होते, आणि तिला त्याची कीव आली नाही.

मग त्याने चाकावर पाणी ओतलं आणि चाक तिच्या पुढ्यात सरकवलं. पंजा तसाच होता, उलट आणखी स्पष्ट. लॅकर गेलं होतं. डाग खाली धातूत उतरले होते. इतकी वर्षं हेच काम करून रागाच्या भरात ती हे विसरली होती.

"घासायचं काम तुमचं," दीर म्हणाला. त्यानेही हाताची घडी घातली.

थोरलीने मोजे चढवले, पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि अर्ध्या बोटापासून घासायला सुरुवात केली.