लॅमिनेट केलेली शेवंती

श्रीकांतला बहिणीचं घर आठवलं, की कुठंतरी फायदा दिसलाय असं समजायचं. त्या दिवशी तो पाव किलो खोव्याची जिलबी घेऊन शकुच्या दारात उभा राहिला.

बाबा जाऊन आठ वर्षं झाली होती. तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी या बडे बाबूनं, म्हणजे जन्मभर कचेरीत फायली दाबून बसलेल्या तिच्या दादानं, वाटणी उरकली. जबलपूरचं घर त्याला, जवळच्या पाटणचं शेत त्याला. शकुला बिस्किटांचा एक डबा, जुन्या पोस्टाच्या तिकिटांनी भरलेला. "तुले बाबांची आठवण," म्हणाला, आणि वर डोळे पुसले! शकु भांडली नाही. लहानपणी ताटलीत पाणी घेऊन ती तिकिटं बाबांबरोबर तिनंच तर सोडवली होती. एक पाकीट मात्र बाबांनी कधी भिजवू दिलं नाही. चीनहून आलेलं, पिवळ्या शेवंतीच्या तिकिटाचं. तिकडच्या कुण्या मास्तरानं एकदाच पत्र लिहिलं, मग लढाई लागली आणि पुढे काही आलं नाही. पाकिटावर त्या परक्या माणसाच्या हातचं बाबांचं नाव होतं.

आता श्रीकांतनं मोबाइलवर पाहिलं होतं, की चीनचं फुलाचं तिकीट लाखांना जातं.

"काहून ठेवून राहिली डब्यात? दाखवू ना कोणाले. बाबांची वस्तू आहे, दोघांची झाली."

"दोघांची?"

"हो मग! लिहून देतो, पक्कं."

आणि दिलंही. बाबूच तो, साध्या चिठ्ठीवर त्याचं कसं भागावं! शंभराचा स्टॅम्पपेपर आणला, नोटरीचा शिक्का मारला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खरडलेली भाषा सवयीनं तशीच उतरवली: वडिलांच्या मागे राहिलेली समस्त चल-अचल संपत्ती भाऊ-बहिणीची, निम्मी-निम्मी. शकु फिरू नये म्हणून तिचीही सही घेतली. तिनं कागद दोनदा वाचला आणि एक प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. पाकीट तो घेऊन गेला, सांभाळायला.

पुढच्या रविवारी दोघं सिव्हिल लाइन्समध्ये इंदिराताईंकडे गेले. ताई पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या, पन्नास वर्षं तिकिटं जमवणाऱ्या. त्यांनी भिंग पुसलं. श्रीकांतनं ऐटीत खिशातून काढून टेबलावर ठेवलं. चौकोनी कापलेलं तिकीट, जाड चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद.

"हे काय केलंत?"

"लॅमिनेशन! आता पाणी पडलं तरी फिकर नाही. बाबांच्या मृत्यूचा दाखलाही मी असाच करून ठेवला."

"आणि पाकीट?" ताईंनी विचारलं.

"ते मळकं होतं जी. कचऱ्याच्या गाडीत टाकलं."

शकुला रडूच कोसळलं. "बाबांचं नाव होतं रे त्यावर, मेल्या!" दादाला मेल्या म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

इंदिराताईंनी भिंग खाली ठेवलं. "वापरलेलं तिकीट आहे, असली पुष्कळ मिळतात. पाकिटासकट असतं, एक शिक्का तिकडचा, एक आपल्या जबलपूरचा, तर मी हात जोडून मागितलं असतं. लाख नाही, पण बरे पैसे आले असते. आता पुस्तकात खूण म्हणून घाला."

श्रीकांतचं तोंड उतरलं. पण तो बाबू होता, लगेच सावरला. "चलो, जाऊ दे. माझा अर्धा हिस्साही तुलेच, शकु. ठेव. बाबांची आठवण."

पुन्हा आठवण! शकुनं पदरानं डोळे पुसले, पर्समधून कागद काढला आणि उलगडला.

"नाही दादा. अर्धं म्हणजे अर्धं. ताई, अचल संपत्ती म्हणजे शेत आलं ना?"

ताईंनी कागद भिंगाखाली घेतला. तिकिटापेक्षा जास्त वेळ पाहिला. "घरही आलं," त्या म्हणाल्या.

"अरे, ते फक्त तिकिटासाठी लिहिलं होतं!"

"तिकिटाचा तर यात उल्लेखच नाही," ताई म्हणाल्या. "सही मात्र तुमचीच आहे. अक्षर छान आहे."

श्रीकांतचा हात कागदाकडे गेला. शकुनं तो आधीच उचलला होता.

"याले लॅमिनेट नको करू दादा, असाच राहू दे. पाटणचा मटर तोडायला आला असंल ना? सोमवारी येते मी, पोतं घेऊन."