सुटी तपासणी

अहमदपूरच्या मोंढ्यात चंद्रप्पाला फसवणारा अजून जन्माला यायचा होता. समोरच्याने तुरीचा पहिला भाव सांगितला की हा नकाराची मान हलवायचा आणि निवांत चहा पीत बसायचा. पैशाला काही कमी नव्हतं, सवयच तशी.

नांदेडच्या दवाखान्यातही त्याने तेच केलं. बायकोला, शिवम्माला, रक्ताचा कॅन्सर निघाला होता. डॉक्टर राजश्री म्हणाल्या, "जनुकात नेमका बिघाड कुठे आहे ते कळलं, तर कदाचित त्यावरची गोळी देता येईल. सगळं एकदम तपासायला अडतीस हजार. सुटी तपासणी नऊ हजारांची, पण ती एकाच बिघाडाची. मी म्हणेन, मोठी करा."

चंद्रप्पाने मान हलवली. "एकदम कशाला, म्याडम? एकेक करून बघू की. पहिल्यातच घावलं तर एकोणतीस हजार वाचले."

"त्यात वेळ जातो."

"बघू की."

खरं सांगायचं तर त्याला तेव्हा मनातून बरंच वाटलं होतं. दवाखान्यातही आपण पहिला भाव मान्य केला नाही!

पहिल्या तपासणीत काही निघालं नाही. दर वेळी नमुना हैदराबादला जायचा, बारा दिवस मोडायचे. दुसरीतही काही नाही. नेहमीचं औषध चालू होतं, पण ते शिवम्माला लागूच पडेना. डॉक्टर पुन्हा म्हणाल्या, मोठी करा. पण आता मोठी केली तर आधीचे अठरा हजार पाण्यात गेले असते. त्याने तिसरी सुटीच सांगितली.

बिघाड सापडला पाचव्या तपासणीत. पंचेचाळीस हजार गेले आणि दोन महिने गेले. त्यावरची गोळीही होती. पण तोवर शिवम्माच्या छातीत जंतू पसरले होते. "आता त्यांना ती सोसणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सुरुवातीलाच कळलं असतं तर..."

चंद्रप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खाटेजवळ जाऊन बसला. शिवम्माने तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

"घावलं का, आवो?"

"घावलं."

"किती पडले शेवटी?"

"सत्तावीस." त्याच्या तोंडून निघून गेलं.

"म्हंजी अकरा हजार वाचले की!" ती दमत दमत हसली. "सिस्टरला मी म्हनलंच व्हतं, आमच्या मालकाला कोनी फशिवत न्हाई. मग गोळी कवा चालू करतेत?"

"उद्या," चंद्रप्पा म्हणाला.