काज करणारी

त्या दिवशी पाहणीवाल्या ताईंचं शेवटून दुसरं घर होतं. कोण कमावतं, किती कमावतं आणि घरात कुणाचं चालतं, हे घरोघरी विचारत त्यांची अकरा वर्षं गेली होती. बाईला एकटं गाठूनच विचारायचं, असा नियम होता.

"मागच्या आठवड्यात पगारी काम केलंत?"

बाईने आवाज खाली आणला. "दुपारी शर्टांना काज करायला जाते. सात महिने झाले. ह्यांना पत्ता नाही. पैसे बहिणीकडे ठेवते."

"कुठे जातेस?"

नवरा दारात उभा होता. गोदामातली पाळी रद्द झाली म्हणून लवकर परतला होता. ताईंनी घाईने मुलांच्या शाळेचा प्रश्न काढला, पण त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने बायकोचे केस धरले आणि तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं.

अशा वेळी बाहेर पडून फोन करा, असं ताईंना शिकवलेलं होतं. त्या जिन्यापर्यंत गेल्यासुद्धा. तिसरा आवाज ऐकला आणि पाय मागे फिरले. स्टूल उचलून त्यांनी त्याच्या पाठीत घातलं. तो वळला, त्याने ताईंचं मनगट पिरगळलं, हाड कडकन मोडलं. तेवढ्यात बायकोने तवा उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्या कानशिलावर हाणला. तो मटकन खाली बसला. कानातून रक्त येत होतं.

"चला," ती म्हणाली. दोघी अनवाणीच खाली उतरल्या.

इस्पितळात पाहणीच्या कार्यालयातले साहेब आले. "तुमच्या प्रश्नावरूनच झालं का हे?"

"हो," ताई म्हणाल्या.

नवऱ्याचा एक कान गेला. तक्रार त्याने आधी नोंदवली, त्यामुळे खटला बायकोवरच उभा राहिला. ती मुलांना घेऊन बहिणीकडे राहू लागली आणि दिवसभर काजं करू लागली.

साक्षीच्या दिवशी ताई कोर्टात पोचल्या तेव्हा ती बाकावर बसली होती. भुवईवर टाक्यांचा व्रण होता. ताईंना माफी मागायची होती. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि थोडी सरकून जागा केली. चार वाजेपर्यंत दोघी बसून राहिल्या. मग पुढची तारीख मिळाली.