सत्तावीस नंबरचं उत्तर

"सत्तावीस नंबर तेवढा एकदा बघाल का, एजे?" फोनवरचा एर्मेक म्हणाला. "तिथं काहीतरी चुकलंय."

अनारकान दवाखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती. चोलोक-बुलाक गावात फोनला आवाज येई तो या चार हात जागेतच. डोंगरावरच्या कुरणांतून उतरवलेल्या मेंढ्या रस्त्यानं चालल्या होत्या, म्हणून तिनं दुसरा कान हातानं दाबून धरला होता.

एर्मेक राजधानीत, बिश्केकच्या एका संस्थेत नोकरीला होता. तो तिला एजे, म्हणजे ताई, म्हणे; वयानं तो तिच्या मुलासारखा असता, तिला मूल असतं तर. बारा वर्षांपूर्वी त्या संस्थेनं गावातल्या साठीपुढच्या एकेचाळीस माणसांची पाहणी केली होती. घरोघर जाऊन फॉर्म भरले होते ते अनारकाननं. गावची नर्स तीच, आणि गावातलं एकही कुत्रं तिच्यावर भुंकत नसे. रक्तदाब किती, दात किती उरले, झोप लागते का, असे प्रश्न होते. सगळ्यात शेवटी होतं, 'एकूण पाहता, तुम्ही आपल्या आयुष्यात सुखी आहात का?' एक ते पाचपैकी आकडा लिहायचा होता; पाच म्हणजे पूर्ण सुखी.

आता इतक्या वर्षांनी संस्थेला कोण उरलं आणि कोण कधी गेलं ते हवं होतं. तिनं मागच्या आठवड्यात यादी पाठवली. एर्मेक खुशीत होता. चार किंवा पाच हा आकडा सांगणारी माणसं एक किंवा दोन सांगणाऱ्यांपेक्षा खरोखरच जास्त जगली होती. हिशेब कसा सुईत दोरा ओवल्यासारखा बसत होता. नडत होता तो सत्तावीस नंबर. माणूस पाच म्हणतो, त्याचा रक्तदाब उत्तम, दात शाबूत, आणि आठ महिन्यांत जातो.

एर्मेककडे नावं नव्हती, नुसते नंबर होते. अनारकान म्हणाली, बघून सांगते. बघायची तिला गरज नव्हती. सत्तावीस नंबर तिचा बाप होता.

बापाचं नाव ओमुरझाक. नावाचा अर्थच दीर्घायुषी. उभी हयात त्यानं विजेच्या खांबांवर चढण्यात घालवली. वर चढला की शीळ घालायचा; बायका अंगणात कपडे वाळत घालता घालता म्हणायच्या, आज ओमुरझाक शाळेजवळच्या खांबावर आहे. सुखी माणूस कसा दिसतो असं कुणी विचारलं असतं, तर अख्ख्या गावानं त्याच्याकडे बोट दाखवलं असतं.

म्हणूनच तिनं त्याला विचारलं नव्हतं.

त्या पाहणीच्या वर्षी सप्टेंबर संपत आला होता. त्या दिवशी पावसात भिजत तिनं नऊ घरं केली होती. दहाव्या, म्हणजे सत्तावीस नंबरच्या फॉर्मवर बापाचं नाव आलं, तेव्हा कुणाच्या तरी ओसरीत उभ्या उभ्याच तिनं तो भरून टाकला आणि शेवटी पाच लिहिले. घरी आली तर बाप टेबलाशी बसलेला. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, डोक्यावर लग्नकार्यातली पांढरी लोकरी टोपी. समोर तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती.

"बस," तो म्हणाला होता.

तिला हसू आलं. "कशाला? तुमचा फॉर्म मी दुपारीच भरला. तुम्हाला काय विचारायचंय? पाच लिहून मोकळी झाले."

त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बरं केलंस," म्हणाला, आणि गाय बघून येतो सांगून बाहेर गेला. गोठ्यातून परत यायला त्याला बराच वेळ लागला. जेवण निवून गेलं होतं.

त्यानंतर आठ महिन्यांनी तो गेला. पोटात गाठ होती. नर्स असून तिला ती फार उशिरा कळली; शहरातल्या डॉक्टरनं नुसती नकारार्थी मान हलवली होती. पण टोपीची ती संध्याकाळ ती साफ विसरून गेली होती. बारा वर्षांत एकदाही आठवली नाही. आता एर्मेकचा फोन ठेवला आणि ती संध्याकाळ जी आठवली, ती जाईना.

बाप येऊन बसू लागला. दवाखान्याच्या बाकावर माणसं असत, त्यांच्या पलीकडे टोकाला इस्त्रीची कॉलर दिसे. "पुढचं कोण?" म्हणून ती मान वर करी, तर बाक रिकामा. घरी चहा करताना तिनं दोनदा दोन कप मांडले. खुर्ची सरकल्याचा आवाज येई, तेव्हा ती स्वतःशीच म्हणे, लाकूड आहे, थंडीनं वाजतंय. तो बोलत नसे, रागावलेला नसे. तयार होऊन बसलेला असे, एवढंच. ते तिला सोसवेना.

पाचव्या दिवशी तिनं एर्मेकला फोन लावला.

"तो आकडा खोटा आहे," ती म्हणाली. "त्या माणसाला विचारलंच नव्हतं."

"मग पाच कुणी लिहिले?"

"मी."

 एर्मेक समजुतीनं म्हणाला, होतं असं, इतकी घरं होती. त्यांच्या घरचं कुणी असेल तर विचारून घ्या, अजून दुरुस्ती करता येईल.

"घरची मीच आहे," अनारकान म्हणाली. "तो माझा बाप होता."

एर्मेकनं माफी मागितली आणि आपण तो नंबर गाळून टाकू म्हणाला. त्याचं काम तेवढ्यानं भागणार होतं. तिचं भागणार नव्हतं. दुपारी रक्तदाबाचं यंत्र पिशवीत घालून ती कासिमाली-आकेकडे निघाली. वडीलधाऱ्या पुरुषाला गावात आके म्हणत.

कासिमाली अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. बापाच्या शिडीचं खालचं टोक तीस वर्षं धरून उभा राहिलेला माणूस. मुलगा मॉस्कोत, बायको जाऊन तेरा वर्षं झालेली. अंगणात बसून तो हिवाळ्यासाठी बटाटे निवडत होता. तिनं रक्तदाब मोजला. ठीक होता. मग तिनं विचारलं, त्या पाहणीत तुम्ही पाच सांगितले होते, ते खरे होते का?

"नाही गं," तो म्हणाला. "मला वाटलं, रडगाणं गाणाऱ्याला सरकार गोळ्या द्यायचं नाही. म्हातारी जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा. पण तू दारात भिजून उभी, नाक लाल झालेलं. म्हटलं, हिला 'नाही' कुठं सांगायचं."

"आणि तरी अठ्ठ्याऐंशी वर्षं जगलात."

"तुझ्या कागदाला वाईट वाटू नये म्हणून जगलो असेन." तो हसला. तिला हसता आलं नाही, तेव्हा त्यानं हातातला बटाटा खाली ठेवला आणि तिला आत नेलं.

तिनं सगळं सांगितलं, टोपीसकट. कासिमाली ऐकत राहिला. नंतर म्हणाला, त्या आठवड्यात ओमुरझाक रोज माझ्याकडे येत होता. अनारकान घराघरांतून एक प्रश्न विचारत फिरतेय, हे त्याला ठाऊक होतं.

"काय सांगणार होते?" तिनं विचारलं.

"तुला ऐकवेल?"

तिनं मान डोलावली.

"'नाही' म्हणणार होता. म्हणाला, मी नाही म्हटलं की ती विचारेल, का? आपणहून काढायला मला जीभ उचलत नाही, पण तिनं विचारलं तर सांगता येईल." कासिमाली थांबला. "त्या उन्हाळ्यात तुला शहरातून पत्र आलं होतं. ते तू चुलीत घातलंस."

ते पत्र बापानं पाहिलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. बिश्केकच्या प्रसूतिगृहातल्या तिच्या जुन्या मैत्रिणीचं ते पत्र. नवा विभाग उघडतोय, जागा तुझ्यासाठी धरून ठेवलीय, या वेळी तरी ये. अनारकान अठ्ठावीस वर्षांची असताना आईला अर्धांगाचा झटका आला, म्हणून तिथली नोकरी सोडून सहा महिन्यांसाठी ती गावी आली होती. आई नऊ वर्षं अंथरुणावर होती. आई गेल्यावर बाप एकटा होता.

"म्हणायचा, पोरीचं आयुष्य मी आणि तिच्या आईनं वाटून खाल्लं, आणि वर मी शीळ घालत फिरतो. तुला सांगणार होता, तू जा, तू इथून गेलीस की मी सुखी होईन, मग तुझ्या कागदावर पाच लिही."

"आणि पोटाचं?"

"दुखायला लागलं होतं. ते तुला कळलं तर तू हलणार नाहीस, म्हणून मला शपथ घातली होती. तू शहरात गेलीस की मरतेवेळचा शेवटचा चहा त्याला मी पाजायचा, असं आमचं ठरलं होतं."

अनारकान हातातल्या यंत्राची रबरी नळी बोटाला गुंडाळत राहिली. तिनं विचारलं, मग नंतर तरी त्यांनी का नाही सांगितलं?

"मीही तेच म्हटलं त्याला. तर म्हणाला, पोरीनं पाच लिहिलेत, कासिम. तिच्या डोळ्यांना मी सुखी दिसतो. आता ते कसं खोडू?"

 खिडकीतून मेंढ्यांच्या पायांची धूळ दिसत होती, खाली बसायला तयार नसलेली. तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती. प्रसूतिगृहातल्या त्या मैत्रिणीला जाऊनही आता तीन वर्षं झाली होती.

कासिमालीनं दारापासून दूरची, पाहुण्याची गादी झटकली आणि तिला तिथं बसायला लावलं. नर्स म्हणून ती कुठल्याही घरात नेहमी दाराशीच बसत आली होती. त्यानं नान मोडला, चहा ओतला आणि विचारलं, "आणि तू गं? तुला कुणी विचारलं होतं का?"

"साठीच्या आतल्यांना विचारायचं नव्हतं, आके."

"मी विचारतोय. मला काही लिहून घ्यायचं नाही."

ती चहाकडे बघत राहिली. मग हळूहळू सांगू लागली. प्रसूतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरून पहाटे दिसणारे डोंगर, जे जवळ राहायला आल्यावर तिनं कधी धड पाहिले नाहीत. ट्रॉलीबस दुरुस्त करणारा एक माणूस, जो दोन हिवाळे तिच्यासाठी थांबला आणि तिसऱ्यात त्यानं लग्न केलं. आईचे केस, दर शुक्रवारी धुतलेले. आपण घरात शिरलो की बापाची शीळ थांबायची, हे आत्ता बोलता बोलताच लक्षात आलं, असं ती म्हणाली, आणि तिचा आवाज पार खाली गेला.

तेव्हा तिला जाणवलं की पाहुण्याच्या गादीवर बसल्यामुळे ती त्याच्या उजव्या हाताला आली आहे. त्या बाजूच्या कानानं त्याला काहीच ऐकू येत नसे. त्याच्या कार्डावर तिनंच ते लिहिलं होतं. ती थांबली. कासिमालीची नजर तिच्या ओठांवरून हलली नव्हती. एकदाही त्यानं 'काय म्हणालीस?' असं विचारलं नव्हतं.

त्यानं किटली उचलली आणि तिचा कप पुन्हा अर्धाच भरला. त्यांच्याकडे कप काठोकाठ भरतात तो पाहुण्यानं उठायची वेळ झाली म्हणजे.