आरगॉनमधला उजेड

धनराज ऊर्जानगरला एका ठेकेदाराकडे वेल्डर होता. बॉयलरच्या नळ्या तो आरगॉन वायूच्या झोतात जोडायचा आणि त्याचा सांधा साहेब लोक पुन्हा तपासतही नसत. त्यामुळे २००१ साली धाकटी बहीण ज्योत्स्ना पुण्याहून स्टीलचं एक भांडं जोडून घ्यायला आली, तेव्हा त्याची छाती फुगली. तळ्यात मासे धरणाऱ्या घरातली ही पोर भौतिकशास्त्रात संशोधन करत होती.

"तुह्या तोच आरगॉन, दादा. थंड करून करून त्याचं पानी करतो आम्ही. त्यातून बारीकसा कण गेला का उजेड चमकते. डोळ्याले दिसत नाई, उजेड टिपनारी नळीच पकडते. पन रतीभर हवा शिरली का उजेड विझला."

संस्थेच्या वर्कशॉपात चार महिने नंबर लागणार नव्हता.

"माह्या सांध्यातून वारा नाई जानार," धनराज म्हणाला. दोन रविवार खपून त्यानं भांडं जोडून दिलं.

दिवाळीला ती आली नाही. फोनवर म्हणाली, "उजेड दिसते, पन दिवसागणिक कमी होऊन राह्यला."

"माह्या सांध्यात तं खोट नाई ना?"

"काहीतरीच काय बोलतं!"

तिनं वायू बदलला, नळी बदलली, झडपा बदलल्या. दोन वर्षं गेली, शिष्यवृत्ती संपली. प्रबंध राहिला तो राहिलाच.

तिला आणायला धनराज पुण्याला गेला. ती खोलीवर सामान बांधत होती. प्रयोगशाळेत पेट्या उचलताना तिथला म्हातारा तंत्रज्ञ त्याला हमाल समजून बोलत राहिला.

"सांध्याला केसाएवढी चीर होती. एरवी बंद, गारठली की उघडायची. मी कितीदा म्हटलं, आधी सांधा तपासू. तर म्हणे, भावानं केलाय, तो सोडून सगळं तपासा. तपासला तेव्हा उशीर झाला होता."

धनराजनं पेटी खाली ठेवली. मग तीच पुन्हा उचलून तो हमालासारखा बाहेर गेला.

गाडीत वर्धा आल्यावर त्यानं विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं?" खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली.

ज्योत्स्ना वडसा गावात शिकवणीच्या वर्गात शिकवायला लागली. संशोधनाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. धनराज एकेक सांधा तीन-तीनदा घासून पाहू लागला, काम तुंबलं, आणि ठेकेदारानं त्याला कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर फावडं देऊन उभं केलं.