उजवा कान

सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, हा हल्ली हाकेला ओ देत नाही. एकदा कान दाखवून घ्या." मी म्हटलं, "आई, हाकेला ओ देणारा नवरा कुणाच्या घरी आहे ते सांगा, मी बघून येते." त्याही हसल्या. विषय तिथंच संपला.

माझा नवरा जलाशयावर पर्यटकांसाठी हॉवरक्राफ्ट चालवायचा. खाली रबरी झालर, तिच्यात कोंडलेली हवा, मागे माणसाच्या उंचीचा पंखा. आवाज असा की छातीत घरघरतं. म्हणून सगळ्यांना कानांवर जाड इअरमफ देतात. पण लोकांना गप्पाही हव्या असतात. मालक म्हणायचा, मुक्यानं फिरवलंत तर लोक साधी बोट घेतील. त्यामुळे चालक उजव्या कानावरचा मफ मागे सरकवून ठेवतात. शेजारचा ओरडून विचारतो, "बुडणार नाही ना हो?" हा ओरडून सांगायचा, "बुडायला आधी पाण्याला टेकावं लागतं." प्रत्येक फेरीला तेच, आणि प्रत्येक फेरीला लोक हसायचे.

माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. सकाळी मुलीला तो सांभाळेल, दुपारी सासूबाई, असं ठरलं. रंगीत तालीम म्हणून मी औषधाच्या दुकानात जाऊन आले. जिन्यातच रडणं ऐकू आलं. घसा बसलेलं, बऱ्याच वेळाचं. आत गेले तर मुलीचा पाय पलंगाच्या कठड्यात अडकलेला, आणि तो तिथंच ओट्याशी पाठमोरा कांदा चिरत होता. शीळ घालत.

मी पाय सोडवला, तिला खांद्यावर घेतलं. एरवी तिला शिंक आली तरी मी थर्मामीटर शोधते. त्या वेळी आत काही हललंच नाही. मी त्याच्या मागे उभं राहून हाक मारली. मग मोठ्यानं मारली. सालं टाकायला वळला तेव्हा तो दचकला.

"कधी आलीस?"

"तुला ऐकू येत नाही."

त्यानं माझ्या ओठांकडे पाहिलं. "उजव्यानं नाही येत, ते माहितीय मला. डाव्यावर भागतं."

"भागत नाहीये. ती रडत होती."

त्यानं सुरी खाली ठेवली. मुलीच्या पायावरचा वळ पाहिला, पण हात लावला नाही.

"हंगाम संपू दे. मग मीच मालकाला सांगतो."

"मागून स्पीडबोटीनं भोंगा दिला तर?"

"आरसा आहे की."

"आणि बाजूनं कुणी आलं तर?"

त्यानं पुन्हा सुरी उचलली. सुट्टीच्या दिवशी तिथं फेरीबोटी, शिडाच्या होड्या, जेटस्की असं सगळं एकमेकांत घुसलेलं असतं. आणि हॉवरक्राफ्टला ब्रेक नसतो, हे लग्नाआधी त्यानंच मला ऐटीत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन मी धक्क्यावर गेले आणि मालकाला सगळं सांगितलं. नवऱ्यादेखत सांगितलं. नवऱ्यानं खिशातून हॉवरक्राफ्टची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

आता तो शेडमध्ये फाटलेल्या झालरी चिकटवतो. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, उरलंय ते जपा. मी रजा वाढवून घेतली, बिनपगारी. घरी मी काही बोलले तर तो उत्तर देत नाही. रागानं देत नाही की ऐकूच येत नाही, हे त्याला विचारायला हवं. मी विचारत नाही. स्वयंपाक होतो, कपडे वाळतात.

त्याच्या जागी आता त्याचा मित्र बसतो. सगळे त्याला लंबू म्हणतात. त्यालाही तान्हं मूल आहे. मी त्याला सांगून पाहिलं. "वहिनी," म्हणाला, "बायको माहेराहून बोलली तरी मला ऐकू येतं, तेवढं पुरे." मफ मागेच होता.

तुम्ही कधी त्या फेरीला बसलात तर त्याच्याशी गप्पा मारू नका. मफ दोन्ही कानांवर घ्यायला लावा. आणि उतरल्यावर, पंखा थांबला आणि त्यानं मफ काढला की, मागे उभं राहून साध्या आवाजात 'लंबू' अशी हाक मारा. वळला नाही तर त्याच्या बायकोला सांगा. ती तिथंच तिकीट खिडकीत असते.